परळची एक फेरी

मुंबईंत परळ म्हटलें कीं पूर्वी गिरण्यांचे भोंगे आठवत. आतां आठवतात ते दवाखाने. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून विझल्या व धुराड्यांच्या जागीं उंच मनोरे आले. परंतु केईएम (१९२६) आणि टाटा मेमोरियल (१९४१) या रुग्णालयांपाशीं पथाऱ्या टाकून बसलेल्या परगांवच्या माणसांची रांग कांहीं हटली नाहीं. तेथून थोड्याच अंतरावर बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचा जनावरांचा दवाखाना आहे. सर दिनशांनीं त्यास आपल्या पत्नीचें नांव दिलें, आणि त्याच्याच जोडीनें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. या भागांत पाहण्यासारखें पुष्कळ आहे. मात्र तें पाहण्याची पाळी कोणावर न येवो.

आम्ही गिरगांवाहून तेथें गेलों तें मोतीसाठीं. त्याच्या जबड्याखालीं व मागच्या गुडघ्यांमागें गांठी आल्या होत्या. त्या दुखत नव्हत्या, हेंच फसवें. सुईनें पेशी काढून तपासल्या तेव्हां लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला. डॉक्टर स्पष्ट बोलले: औषध न दिल्यास बहुधा महिना-दोन महिने, दिल्यास पुष्कळदां वर्षभर, समूळ बरा होणें विरळा. माणसास देतात तेवढी जबर मात्रा कुत्र्यास देत नाहींत. उरलेले दिवस सुखाचे जावेत, एवढाच हेतु. त्यांतलें व्हिन्क्रिस्टीन हें औषध सदाफुलींतून निघतें, आणि माणसांच्या कर्करोगावरही तेंच शिरेंतून देतात. आजी रोज परडींत घेते ती ही फुलें! हें ऐकल्यावर ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

घरांत दोन तट पडले. काका म्हणाले, "माणसांच्या औषधाला जेथें पैसा पुरत नाहीं, तेथें कुत्र्यापायीं हा खर्च?" त्यांचें बोलणें वावगें म्हणवेना; ती रांग त्यांनीं येतांजातांना पाहिलेली. वहिनी म्हणाल्या, "दहा वर्षें यानें दार राखलें, काका, त्याचा हिशेब कोणीं केला?" शेवटीं ठरलें कीं, चार आठवडे औषध देऊन पाहावें, खाणें सुटलें तर थांबावें. औषधानंतर कांहीं दिवस त्याची घाण हातमोजे घालूनच उचलावयाची व मुलांस तेथें फिरकूं द्यावयाचें नाहीं, हेंही डॉक्टरांनीं बजावलें. तें काम वहिनींनीं आपणाकडे घेतलें.

पहिल्या सुईनंतर परततांना मोती टॅक्सींत निपचित पडून होता. लालबागपाशीं त्यानें मान उचलली. काकांनीं न बोलतां आपल्या बाजूची काच खालीं केली.