उरलेली मोड

खेळाला पैसे पडावेत, याचें मला वैषम्य वाटत नाहीं. पतंग आणि मांजा तरी फुकट कोठें मिळतो? परंतु व्हिडिओ गेममध्यें पैशानें जें नवें सोंग घेतलें आहे, तें पाहून मन विचारांत पडतें.

मायक्रोसॉफ्टनें २००५ सालीं आणलेल्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रावर खरेदी डॉलरांनीं नव्हे, तर आगाऊ विकत घेतलेल्या पॉइंटांनीं होत असे. अमेरिकेंत ८० पॉइंट म्हणजे १ डॉलर! २००६ सालीं ‘ऑब्लिव्हियन’ या खेळांतील घोड्याचें चिलखत २०० पॉइंटांस निघालें. म्हणजे अडीच डॉलरांस. चिलखत चित्रांतलें, दाम मात्र रोख!

पॉइंट ठराविक गठ्ठ्यांनींच मिळत. त्यामुळें खरेदीनंतर पुष्कळदां थोडे उरत, आणि त्यांचे पुन्हां पैसे होत नसत. येथें मला आमच्या घरची रीत आठवते. दुकानांतून आल्यावर उरलेली मोड आजीच्या हातावर ठेवावी लागे. “कितीला आणलेंस रे?” हा तिचा प्रश्न तेव्हां जाचक वाटे, पण पैशाची खरी ओळख आम्हां मुलांना त्यानेंच करून दिली. ज्या नाण्याची मोड परत येत नाहीं आणि ज्याची किंमत चटकन उमगत नाहीं, तें हा प्रश्नच मुका करून टाकतें.

ते पॉइंट २०१३ सालीं बंद झाले. परंतु ‘फोर्टनाइट’च्या व्ही-बक्सच्या रूपानें ती रीत आजहि नांदते आहे. मुलांना खुशाल खेळूं द्यावें, मात्र खरेदीपूर्वीं “याचे रुपये किती?” हें त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावें.