तेरेखोलच्या अलीकडे

आरोंद्याचा इतिहास तिकीट काढून पाहता येत नाही. त्यासाठी तिथी पाहावी लागते. मिरगाला गेलात तर तो वेगळा दिसेल, चतुर्थीला वेगळा, म्हाळांच्या पंधरवड्यात आणखी वेगळा. देवदिवाळीच्या सुमाराला जत्रा सुरू झाल्या की तो रात्री उशिरा, तोंडाला रंग लावून देवळासमोर उभा राहील. आणि ऐन मे महिन्यात, काजू-आंब्याच्या घाईत विचारायला गेलात तर ओळखही देणार नाही. गावाचं संग्रहालय म्हणजे गावाचं वर्ष. त्याची दालनं आपापल्या दिवशी उघडतात आणि मिटतात. अलीकडे एखादं दालन मिटतं ते पुढच्या वर्षी उघडतच नाही, आणि गावात त्याचा कोणी बोभाटाही करत नाही. हे लिहिणं त्या न उघडलेल्या दारांसाठी आहे.

गाव सावंतवाडी तालुक्याच्या अगदी कडेला. मनोहरगडाच्या बाजूला डोंगरात उगवलेली तेरेखोल नदी बांद्यावरून उतरत इथवर येते, तोवर तिची खाडी झालेली असते. भरती-ओहोटीचं खारट पाणी, काठाला कांदळवन, मागे माड. समोर गोवा: किरणपाणी, पालये, सगळा पेडण्याचा मुलूख. आता पूल आहे, दुचाकीवरून पोरं बाजाराला जावं तशी गोव्यात कामाला जातात. त्याआधी तर होती आणि तरीवर तारी होता. ज्याला आपण आज दोन राज्यांची हद्द म्हणतो, ती तशी फार जुनी नाही. पेडणे महाल १७८८ साली सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेला. त्याआधी दोन्ही काठ एकाच गादीचे. राज्यं बदलली, पण सोयरीक बदलली नाही आणि सातेरीही बदलली नाही. आरोंद्यात सातेरी भद्रकाली आहे, आणि वारुळाच्या रूपातली तीच सातेरी पलीकडच्या काठावरही गावोगाव बसलेली आहे. कोजागरीला पेडण्याची पुनव असते, तिला इकडची माणसं जातात. देवीला भेटायला जाताना नदी आडवी येते एवढंच.

आता चतुर्थीचं दालन.

आदल्या दिवशी गणपतीच्या खोलीत छताला लाकडी माटवी टांगलेली असते. तिच्या पट्ट्यांना एकेक करून रान बांधायचं. केवणीच्या सालीचे दोर आधी भिजवून ठेवलेले. मधोमध आंब्याचा टाळ, चारी कोपऱ्यांना असोले नारळ, सुपारीचा शिपटा, तवसं, निरफणस. मग रानातनं आणलेलं: लालभडक कवंडळं, कांगलांचे घोस, हरणाची पिवळी फुलं, शेरवडाची पांढरी पानं, तेरड्याच्या जुड्या. हे बाजारात मिळतं आता, पण ज्याला ते रानात कुठे मिळतं हे ठाऊक आहे, त्याची ऐटच निराळी. कवंडळ कुठल्या वईवर चढलेलं असतं, कांगलां यंदा कोणाच्या कातळावर आहेत, हरण तोडताना कुठला वेल सोबत तोडायचा नाही. एखादा म्हातारा खाली पाटावर बसून वर बघत सांगत असतो आणि नातू शिडीवर चढून बांधत असतो. "थय नको, तेच्या बाजूक." चारशे पानांच्या वनस्पतिकोशाला जे जमत नाही ते त्या खोलीत एका संध्याकाळी होतं. फळ डोळ्यांनी दिसतं, हाताला लागतं, नाव कानावर पडतं, आणि ते कोणाच्या बांधावरचं हेही कळतं. पाच किंवा सात दिवसांनी, कोणाकडे अकराव्या दिवशी, माटवी सुटते. पुन्हा वर्षभर काही नाही.

ज्या घरी तो पाटावर बसणारा म्हातारा गेला, तिथे माटवी पुढल्या वर्षीही बांधली जाते, हे खरं आहे. मुंबईहून रात्रीची गाडी पकडून आलेली मुलं बांधतात, मनापासून बांधतात. पण बाजारातून आणलेल्या जुडीत हरणाच्या जागी शेवंती येते. जागा भरलेली असते म्हणून कोणाला काही उणं वाटत नाही. मला मात्र त्या शेवंतीशी थांबावंसं वाटतं. गाव विसरतं ते असं, रिकामी जागा न ठेवता.

सामायिक घरांचं तर काय सांगायचं. सात-आठ वाटेकरी, कोणी लालबागला, कोणी विरारला, कोणी थेट आखातात. किल्ली शेजारच्या काकींकडे. वर्षातून एकदा चतुर्थीच्या दोन दिवस आधी दार उघडतं, जाळी काढली जातात, वाळवीची घरं खरवडली जातात, खळं सारवलं जातं, आणि मग त्या घरात इतकी माणसं होतात की पडवीत झोपायला जागा पुरत नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणगावातल्या एका खोलीत गावची दहा माणसं राहत आणि गावचं घर त्यांच्या मनिऑर्डरीवर उभं राही. १९८२ च्या संपानंतर त्या खोल्याही गेल्या आणि मनिऑर्डरीही. तरी चतुर्थीला घर उघडायचं कोणी सोडलं नाही. या एका हट्टासाठी कोकणी माणसाला मी शंभर गुन्हे माफ करीन.

चतुर्थी संपते आणि म्हाळ लागतात. खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, केळीच्या पानावर वाडी, कावळ्याची वाट पाहणं. घरोघर मेलेल्यांची नावं मोठ्याने घेतली जाण्याचा हा पंधरवडा. बापाचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. तिथवर घडघड येतात. त्यामागे अडखळायला होतं. मग कोणीतरी ओसरीवरून ओरडून सांगतं आणि नाव पुढे सरकतं. ओसरीवरून ओरडणारं ते माणूस घरात आहे तोवर घराला पाठ आहे. परका माणूस गावात शिरला की त्याला विचारतात, "कोणाचो रे तू?" काय करतोस, कुठे राहतोस हे मागाहून. ज्याला या एका प्रश्नाचं उत्तर देता येतं त्याला गावात पाणी मिळतं, चहा मिळतो, आणि त्याच्या आजोबांची एखादी गोष्टही मिळते.

देवळातलं गाऱ्हाणं म्हणजे हाच पाठ, पण साऱ्या गावाचा. मानकरी उभा राहतो आणि देवीला हाक घालतो. बारा-पाचाची हाक, मूळपुरुषाची, शिवेवरच्या देवचाराची, गावातून गेलेल्यांची, परमुलखात पोटासाठी राहिलेल्यांची. एकेका वाक्याला सारी माणसं म्हणतात, "होय म्हाराजा!" कोणी हे कागदावर लिहून पाठ केलेलं नसतं. बापाच्या मागे उभं राहून पोराने ऐकलेलं असतं. त्यात शिवा आहेत, वहिवाटी आहेत, कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर हे आहे. जुने तंटे आहेत, ते मिटवल्याच्या खुणा आहेत. त्यातलं सगळंच चांगलं होतं असं नाही. कोणाला देवळाच्या पायरीखाली उभं केलं हेही त्याच पाठात आहे, आणि तेही विसरता कामा नये. पण सबंध गाऱ्हाणं न चुकता घालणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजावीत अशी. एक गेला की दुसरा उभा राहतो, तीन-चार नावं गळतात, आणि होय म्हाराजा तितक्याच जोराने होतो.

मग जत्रा. पालखी फिरून झाली की मध्यरात्र उलटल्यावर दशावतार उभा राहतो. पखवाज, झांज, पायपेटी. आधी आडदशावतार: गणपती, सरस्वती, संकासुर, मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही. राजा काय बोलणार हे राजालाच आयत्या वेळी सुचायचं असतं. म्हणून दशावतारी गेला की त्याच्यासोबत नाटकंच्या नाटकं जातात. २०२२ साली नेरूरचे लोकराजा सुधीर कलिंगण गेले तेव्हा सिंधुदुर्गात आणि गोव्यात घराघरांत सुतक आल्यासारखं झालं. त्यांचं बोलणं ध्वनिफितींवर आहे, मोबाइलवर आहे, आणि त्याचा मला फार मोठा आधार वाटतो. पण पहाटे चार वाजता पेंगणाऱ्या मुलाला नुसत्या एका हुंकाराने जागं करणं फितीत सापडत नाही.

नदीचं एक दालन आहे, ते १५ ऑगस्टला उघडतं.

आरोंद्याहून खाडीच्या मुखाकडे गेलं की तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी बांधलेला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतलेला, आणि नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही आजतागायत गोव्याचा. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोवामुक्तीचे सत्याग्रही त्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा लावला. पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्याच किल्ल्यात हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांना गोळ्या लागल्या. त्याच दिवशी वर बांद्याजवळ पत्रादेवीला पोर्तुगीजांनी नि:शस्त्र माणसांवर गोळीबार केला. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग बेनीपाल तिथे पडला. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय हातातला झेंडा न सोडता जखमी झाल्या. त्यानंतर सरहद्द बंद झाली, नाकेबंदी आली, आणि ज्या नदीवरून सुना आणि नवस ये-जा करत होते ती १९ डिसेंबर १९६१ पर्यंत परदेशाची कड होऊन बसली. पत्रादेवीला स्मारक आहे, तेरेखोलला आहे. दरवर्षी झेंडा चढतो, फुलं वाहिली जातात, नावं वाचली जातात. वाचलीच पाहिजेत.

माझं मन मात्र ज्यांची नावं वाचली जात नाहीत त्यांच्याशी अडतं. पंजाबातून, मध्य प्रदेशातून, पनवेलहून, पुण्याहून आलेली ती माणसं आकाशातून सरहद्दीवर उतरली नव्हती. ती या काठच्या गावांमधून चालत गेली. श्रावणातला पाऊस, चिखल, अनोळखी वाट. वाटेवरच्या कुठल्या तरी पडवीत ती टेकली असणार, कोणीतरी पेजेची वाटी पुढे केली असणार, कोणीतरी म्हटलं असणार की या वाटेने जाऊ नका, त्या वाटेने जा. पेज पुढे करणाऱ्या त्या बाईचं नाव कुठल्याही फलकावर नाही. आणि सरहद्द बंद असतानाच्या वर्षांत पलीकडे दिलेल्या लेकीचं बाळंतपण कसं झालं, बाप मेल्याचा निरोप कसा पोचला, याचा एक ओळीचा कागद कुठल्या दप्तरात असेल असं मला वाटत नाही. ते ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसं आता नव्वदीत आहेत किंवा गेलीत. शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह १९३० चा. तो पाहिलेला माणूस आता भेटणं नाही. त्या वेळी कोणी वेळेवर विचारलं असतं तर किती तरी मिळालं असतं. तेरेखोलचं अजून थोडं मिळू शकतं.

वस्तू जपणं आपल्या जिल्ह्याला येत नाही असं मुळीच नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात दशावतारी गंजिफा आहे, दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी एकशे वीस गोल पानं. ती कला संपत आली होती तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध पुंडलिक चितारींकडून ती शिकून घेतली आणि दरबार हॉलमध्ये कारागीर बसवले. २०१८ मध्ये राणीसाहेब गेल्या. पानं अजून रंगवली जातात. आणि कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी आपल्या घराच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्रकथीच्या पोथ्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत. चित्रकथीचं एक पान मी फार वेळ पाहत राहिलो होतो. कागद तपकिरी झालेला, कडा झिजलेल्या, रावणाच्या मिशा तेवढ्या काल काढल्यासारख्या काळ्या. खालच्या उजव्या कोपऱ्यात रंग पुसून गेला होता आणि नुसता कागद उरला होता. तो अंगठ्याचा डाग. पिढ्यान् पिढ्या कथेकऱ्याने पान तिथेच धरून उचललं, दाखवलं, खाली ठेवलं. मग तिथल्या घरातल्या एकाने हुडुक हाती घेतला आणि त्या पानाची कथा लावली. पाहणारे आम्ही दोघं-तिघंच होतो, तरी त्याने देवळात म्हणावी तशी म्हटली.

आरोंद्यासाठी मला असंच काही हवंय. इमारत मागाहून होईल, न झाली तरी चालेल. शाळेत एक कपाट द्या आणि एक जाड वही. चतुर्थीत मुलांनी माटवीतल्या प्रत्येक फळाचं नाव आणि ते कोणाच्या वईवरून आलं ते लिहावं, कपाटात केवणीचा एक दोर ठेवावा. म्हाळांत घरातल्या थोरल्यांकडून नावं घ्यावीत, सुनांची माहेरंही घ्यावीत, कारण बायकांची नावं दुसऱ्याच पिढीला गळतात. जत्रेत गाऱ्हाणं घालणाऱ्याची परवानगी मिळाली तर त्याचा आवाज घ्यावा. नाही म्हणाला तर त्याच्या मागे एक पोर उभं करावं. आणि १५ ऑगस्टला शाळेतला झेंडा झाला की प्रभातफेरी देवळाकडे न वळवता नदीवर न्यावी. तिथे जो कोणी जुना तारी किंवा ताऱ्याचा मुलगा असेल त्याला खुर्ची द्यावी. भाषण करायला सांगू नये. नुसतं विचारावं: बाबानू, नाकेबंदीच्या दिवसांत पलीकडे जायचं तर काळोखात होडी कुठे लावायचात? भरती किती वाजता धरायचात? आणि तुमच्या होडीत तेव्हा कोण कोण बसलं होतं?