चिखलोलीचा शनिवार

शुक्रवारी पाचनंतर तुमच्या ऑफिसात काय सीन असतो? कुणी लोणावळ्याचं प्लॅनिंग करतंय, कुणी बॉसचा शेवटचा मेल यायच्या आत सटकतंय... माझा एक मित्र मात्र दुपारपासूनच खिडकीबाहेर बघत असतो. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या आसपास बुडतो. त्याआधी १८ मिनिटं त्याच्या घरात दिवा लागायला हवा. ऑफिस फोर्टात. आणि घर कुठे? तर चिखलोलीला!

चिखलोली म्हणजे अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं गाव. गावाचं धरण आहे, शेजारी एमआयडीसी आहे आणि आता जिकडे बघाल तिकडे टॉवर्स. ठाण्यात वन बीएचके परवडत नाही म्हणून आपल्यासारखे अनेक जण इथवर आलेत. मित्रही त्यातलाच. फक्त त्याचा हिशेब जरा वेगळा आहे. तो बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. (नाव छापू नकोस, ही त्याची एकमेव अट.) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत त्याचा शब्बाथ. काम नाही, गॅस पेटवणं नाही, मोबाइल नाही, गाडी नाही. लोकलसुद्धा नाही. आणि ठाण्याचं सिनेगॉग चिखलोलीपासून साधारण ३० किलोमीटर. चालत जाणार कसं?

ही मंडळी आपल्याकडे काही काल आलेली नाहीत. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी त्यांची आख्यायिका. कोकणात ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावाने नाव पाडलं, ‘शनवार तेली’. हिब्रू विसरली, पोथ्या राहिल्या नाहीत, ‘शेमा’ची प्रार्थना तेवढी ओठांवर उरली. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा विद्वान आला. त्याने म्हणे घरातल्या बायकांना मासे साफ करायला दिले. त्यांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले आणि रहाबीची खात्री पटली, हे आपलेच! मला ही गोष्ट जाम आवडते. धर्माची परीक्षा चक्क मासळीच्या टोपलीत!

एका शुक्रवारी मी त्याच्यासोबत चारच्या सुमाराची बदलापूर लोकल पकडली. त्यासाठी तो त्या दिवशी सकाळी आठलाच ऑफिसात आला होता. अंबरनाथला उतरून रिक्षा, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराच्या चौकटीवर मेझुझाची छोटीशी नळी. आत-बाहेर करताना तिला बोट लावून ओठांशी नेायचं. काकूंनी मटण शिजवून ठेवलं होतं, नारळाच्या दुधातलं. मांसासोबत गाईचं दूध-दही चालत नाही, पण कोकणी माणसाला नारळ आहे ना! वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. काकूंनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली. मग मित्राने मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला. पहिला अर्धा तास माझाच हात सारखा पर्सकडे जात होता... नंतर आम्ही तिघं साडेदहापर्यंत नुसते बोलत बसलो होतो. शेवटचं असं कधी बसले होते, आठवत नाही.

बोलणं कशावर? तर तोरावर. तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. त्याचे ५४ भाग पाडलेत, दर आठवड्याला एक, काही वेळा दोन. जगभरच्या सिनेगॉगमध्ये साधारण तोच भाग वाचला जातो. मित्र तो सोमवार ते गुरुवार लोकलमध्ये मोबाइलवर वाचतो. आपल्या डब्यांत भजनी मंडळं टाळ कुटतात, तसे न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड रेल्वेत ज्यू प्रवाशांचे तालमूदचे वर्ग भरत आलेत, हेही त्यानेच सांगितलं. त्याची गोची अशी की तो वाचतो इंग्रजीत आणि काकूंना हवं मराठीत. मग शुक्रवारी रात्री तो उभ्या उभ्या भाषांतर करतो आणि काकू मध्येच टोकतात, “अरे, नीट मराठीत सांग की!”

काकूंचं टोकणं चुकीचं नाहीच. या समाजाचा हरवलेला धर्म परत आला तोच मुळी मराठीतून. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं. त्याला करायचं होतं धर्मांतर. यांनी हिब्रू तेवढी उचलली! जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या हगादात, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीत, बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका साडीत आहेत. १८८० च्या सुमारास तर कीर्तनं सुरू झाली. आख्यान बायबलचं, बाज आपल्या हरिकीर्तनाचा. एखाद्याने आज असं पॉडकास्ट काढलं तर काकू पहिल्या श्रोत्या असतील.

एकट्याने वाचता येतं. काही प्रार्थनांना आणि तोराच्या जाहीर वाचनाला मात्र दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबं इस्रायलला गेली आणि कोकणातल्या सिनेगॉगमध्ये दहाचा आकडा गाठणं कठीण झालं. ठाण्यात अजून समाज आहे. टेंभी नाक्याजवळचं ‘शाआर हाशामाईम’ १८७९ चं. महिन्यातून एकदा मित्र शुक्रवारी दुपारीच ठाण्याला मावशीकडे मुक्कामाला जातो आणि शनिवारी सकाळी पायी सिनेगॉग गाठतो. मीही एका शनिवारी गेले. डोक्यावर ओढणी, बायकांची बसायची जागा वेगळी. तोराची गुंडाळी बाहेर काढली तेव्हा सगळे उभे राहिले. शेजारच्या आजींनी हळूच कानात सांगितलं, “बघ हं, आता वाचतील.” अगदी कीर्तनाला बसल्यासारखं!

तुम्हाला जायचं असेल तर आधी परवानगी काढा, ओळखपत्र न्या. २००८ मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून तपासणी कडक आहे आणि ते योग्यच आहे. शब्बाथला फोटो काढायचा हट्ट नको.

मित्र सध्या टेंभी नाक्यापासून चालत जाता येईल असा फ्लॅट शोधतोय. चिखलोलीतल्या किमतीत ठाण्यात काय मिळतं, ते तुम्हाला माहीत आहेच. काकूंचं म्हणणं, इथेच राहू, आसपास आणखी घरं शोधू, दहा जण जमवू. त्यांच्या वहीत आतापर्यंत अंबरनाथ-बदलापूर धरून चार नावं आहेत.