एक जून

आमच्या गावात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडलं की पानामागून पान तीच तारीख. नातवाला काखेत मारून नाव घालायला आलेली म्हातारी म्हणायची, "कवा झालं त्ये काय सांगू मास्तर, पाऊस लागला व्हता एवढं खरं." मग मास्तर सहा वर्षं मागं मोजायचे आणि १ जून टाकायचे. शाळा जूनला भरते, वय बरोबर बसतं. म्हातारीही खूश, मास्तरही मोकळे.

माझ्या आईची जन्मतारीख तीच, १ जून १९५२. आजी मात्र शेवटपर्यंत सांगायची, की ही शाळूच्या मळणीत झाली, खळ्यावर पात धरलेली होती आणि मीच कणसं टाकत होते. म्हणजे जून कुठला, माघ-फाल्गुन असणार. आईनं आयुष्यभर प्रत्येक कागदावर ती खोटी तारीख लिहिली, आणि शिक्षिका झाल्यावर दुसऱ्या कुणाच्या नावापुढं ती कधीच लिहिली नाही.

साताऱ्यात डी. एड. करून १९७४ साली ती पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळेवर गेली. त्या जूनमध्ये पहिलीला आलेली पोरं बरीचशी भूकंपाच्या आगेमागे जन्मलेली होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा तो धक्का बसला. त्या खोऱ्यातल्या कुठल्याही बाईला तारीख सांगता आली नाही तरी ती पहाट सांगता येत होती. "भित कोसळली तवा ही पाळण्यात व्हती." "ह्यो पोटात व्हता बाई, पाचवा म्हयना." आई पुढं पंचांग घेऊन बसायची. बारसं बेंदराआधी की नंतर? यात्रेला तुम्ही ओल्या बाळंतीण होता का? पाचव्या महिन्यापासून बोटं मोजत ती एप्रिलपर्यंत यायची, मग चैत्रातली कुठली तिथी, मग तारीख. एका मुलाला अर्धा दिवस लागायचा. तपासणीला आलेल्या दिपोटींनी विचारलं, "तुमच्या शाळेत एक जूनचं एकही पोर कसं नाही?" ती म्हणाली, "साहेब, त्यांच्या आयांना विचारलं."

मला वाटतं, तिच्या नोकरीतलं सगळं त्या उत्तरात होतं.

लग्न होऊन ती इकडं, कृष्णेच्या खालच्या अंगाला आली. माहेर कराडकडचं, सासर वाळव्यातलं. १९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. नदी तीच, पाणी तेच, पण आंतरजिल्हा बदली घेतली म्हणून आईची सेवाज्येष्ठता गेली आणि ती यादीत पुन्हा सगळ्यात खाली बसली. त्याबद्दल तिनं कधी हळहळ दाखवली नाही. ऊस आणि हळद तिला वेतन आयोगापेक्षाही जवळची होती, हे वडील अजून सांगतात.

पहाटे चारला ती उठायची. शेण, धारा, डेअरीचं दूध, दोन वेळच्या भाकरी. मग बांधावरून, चपला हातात घेऊन, शाळा. पाचला घंटा झाली की वाटेतच आमचं रान. खोपीत वडिलांचा एक जुना फुल बाह्यांचा सदरा खुंटीला असायचा. उसाचं पातं हात चिरतं, म्हणून आमच्याकडच्या सगळ्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा सदरा घालून फडात शिरतात. शाळेत इस्त्रीच्या साडीतली बाई तासाभरानं त्या सदऱ्यात, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येताना दिसली की तिचेच विद्यार्थी रस्ता सोडून उभे राहायचे आणि "नमस्ते बाई" म्हणायचे. भाऱ्याखालून तिला मान हलवता यायची नाही. ती नुसती हसायची, आणि कुणाचा पाढा पाठ व्हायचा राहिलाय ते तेवढ्यात विचारायची.

आठवड्याआड लाईट रात्रीची असे. वडील दारं धरायला जायचे, ती बारा वाजता चहा घेऊन जायची आणि तिथंच बॅटरीच्या उजेडात बांधावर बसून टाचण काढायची. मी लहान असताना एकदा तिच्याबरोबर गेले होते. पाटाचं पाणी सरीत शिरतानाचा आवाज, वडिलांच्या फावड्याचा आवाज, आणि मधेच तिची पेन्सिल. तिघंही काही बोललो नाही. ती रात्र मला अजून कानांनी आठवते.

फेब्रुवारी १९९१ ची जनगणना मात्र तिच्या बोलण्यासकट आठवते. शाळेचं काम उरकून ती घरोघर फिरायची, मी पाटी-फळी घेतल्यासारखी तिचे कागद घेऊन मागं. हळदीचे दिवस. गावभर शिजत्या हळदीचा वास, चुलवाणांचा धूर, अंगणात पसरलेली हळकुंडं. दारात नवरा किंवा सासरा बसलेला. "मालकीण काय काम करतात?" या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर, "काय न्हाय, घरीच असती." आणि ती घरीच असणारी बाई त्याच वेळी कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी गड्डे मोडत असायची.

त्या वर्षी प्रश्नातच भर घातली होती, की घरच्या शेतावर बिनपैशाचं केलेलं कामही काम धरायचं. आईला ती ओळ फार आवडली होती. ती उत्तर तिथं लिहून घ्यायची नाही. बाईकडं वळायची. "काल उठल्यापासून काय काय केलंस गं, सांग." मग शेण आलं, वैरण आली, हळद आली, संध्याकाळचं पाणी पाजणं आलं. ऐकता ऐकता दारातला माणूस गप्प व्हायचा. मग आई लिहायची. त्यात वेळ जायचा, रात्री कागद पुरे करताना तिचे डोळे लाल व्हायचे. एकदा मी विचारलं, "आणि तुझं काय लिहिलंस?" ती म्हणाली, "शिक्षिका. एकच मुख्य काम लिहायचं असतं."

त्याच सुमाराला शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांना सांगत होते की लक्ष्मीमुक्ती करा, जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. वडिलांनी ती बातमी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली. आईनं भाकरी उलटली. विषय तिथंच राहिला. माझे वडील कनवाळू माणूस आहेत, तिच्या पगाराला त्यांनी कधी हात लावला नाही, पण आमचा सातबारा मी पाहिलाय आणि त्यावर तिचं नाव नाही.

आई जिला मानायची ती बाई आमच्याच तालुक्यातली, कासेगावच्या इंदुताई पाटणकर. सोळाव्या वर्षी, बेचाळीसच्या चळवळीत घर सोडून प्रतिसरकारच्या कामाला लागलेल्या. पुढं नवऱ्याचा खून झाला तेव्हा पोर लहान, आणि त्यांनी प्राथमिक शिक्षिकेची नोकरी करून संसार ओढला. आईला त्यांच्या धाडसाइतकंच, कदाचित जास्त, त्यांचं उतारवयातलं काम मोठं वाटायचं. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घेऊन त्या उभ्या राहिल्या, आणि त्या बायकांच्या मागण्यांत एक अशी होती, की आम्हाला आमच्या नावाचं रेशनकार्ड द्या. "बघ," आई म्हणायची, "धान्याच्या आधी नाव मागितलं."

३१ मे २०१० ला आई निवृत्त झाली. जन्मतारीख खरी असती तर आधीच व्हावं लागलं असतं. त्या मास्तरांच्या चुकीनं तिला तीन-चार महिने जास्तीचे मिळाले, असं ती निरोपाच्या भाषणात म्हणाली. नारळ, साडी, फोटो. घरी येऊन तिनं साडीची घडी केली आणि टाचणवह्यांचा गठ्ठा पेटीत ठेवला.

परवा ती पेटी उघडली. प्रत्येक वहीला दोन तोंडं आहेत. पुढून पाठ, उद्दिष्टं, फलकलेखन. मागून उलटी धरली की शेताचा हिशेब. खत, पोती, टनेज, आणि कामावर आलेल्या बायकांची हजेरी. गावात या बायकांना अमक्याची आई, तमक्याची सून, म्हातारी एवढंच म्हणतात. वहीत त्यांची पूर्ण नावं आहेत, आडनावासकट, ठळक, वळणदार अक्षरांत. पुढं प्रत्येक दिवसाची उभी रेघ, मग मजुरी. छत्तीस वर्षांच्या त्या वह्यांत, एक पान सोडलं तर, कुठंही तिचं नाव नाही.

शेवटच्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान एक जूनचं आहे. भांगलण, खोडव्यात. सहा बायका. सातव्या ओळीत, त्याच अक्षरात, तिचं स्वतःचं पूर्ण नाव. पुढं उभी रेघ. मजुरीचा रकाना कोरा आहे.