माझ्याकडे कागद नव्हता

मी एका मुलाला सहलीच्या गाडीत थोबाडीत मारली होती. त्यानं कुणाला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, काही मोडलं नव्हतं. दोन्ही कान तळव्यांनी दाबून तो ओरडत होता, एवढंच. मला वाटलं, हा सगळ्या शाळेसमोर माझा अपमान करतोय.

साल 1998. निपाणीजवळच्या एका मराठी शाळेत मी शिक्षक होतो. सहल जोतिबा, पन्हाळा आणि परत येताना रंकाळा अशी. पहाटे पाचला गाडी सुटली आणि सुटल्या सुटल्या पोरांनी टेप लावायला सांगितलं. मीच ड्रायव्हरला म्हणालो, आवाज वाढवा. कागल यायच्या आत पाचवीतलं ते पोर ओरडायला लागलं. मी दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा मारली. तो गप्प झाला आणि दिवसभर गप्पच राहिला. पन्हाळ्यावर तबक उद्यानात सगळी पोरं खेळत होती, तेव्हा हा गाडीच्या सावलीत बसून होता. पोरांनी त्याचं नाव ‘बहिरा’ ठेवलं. ते नाव माझ्या कानावर आलं आणि मी हसलो. शिक्षकांच्या खोलीत मी काय म्हणालो तेही आठवतं: “बघा, एका थोबाडीत सरळ झाला.”

त्याच सहलीची दुसरी एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. वर्गात एक मुलगी होती, पायाला कॅलिपर लावून चालायची. तिच्या आईनं सहलीचे पैसे आणून दिले. मी ते परत केले. जोतिबाच्या पायऱ्या आहेत, तिला त्रास होईल, असं मी अगदी प्रेमानं सांगितलं. बाईंनी वाद घातला नाही. त्या वर्षांत आमच्याशी पालक वाद घालत नसत. मुलीला काय वाटलं हे मी विचारलं नाही. गाडीतून न उतरताही तिला रंकाळा दिसला असता, हे मला सुचलंसुद्धा नाही.

आता वाटतं, त्या मुलाच्या बाबतीत मी अज्ञानाची ढाल पुढे करू शकेन. 1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, नव्हती. ती आली 2016 च्या कायद्याच्या एकवीस प्रकारांत. आमच्या भागात 1998 साली ऑटिझम हा शब्द मी तरी ऐकला नव्हता. पण ही पळवाट माझ्या उपयोगाची नाही. ती मुलगी तर 1995 च्या यादीतही होती, आणि तिलाही मी नेलं नाही.

माझं तेव्हाचं मत साधं होतं. प्रवास म्हणजे सोसणं. गर्दी, धूळ, हॉर्न, तीन तास उशिरा येणारी गाडी हे ज्याला झेपतं त्यानं जावं, ज्याला झेपत नाही त्यानं घरी बसावं, त्यातच त्याचं भलं. हे मत मी चांगल्या शब्दांत गुंडाळत असे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ मी पुढे वाचलं. ऐन तरुणपणात पाय गेले, आणि त्या बाईंनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ उभी केली. परिपाठाला मी त्यांची गोष्ट पोरांना सांगायचो. सांगायचो काय, तर जिद्द असली की माणूस जिनाही चढतो. ज्या बाईंनी आयुष्यभर इतरांची वाट सोपी करायला संस्था चालवली, त्यांच्या गोष्टीतून मी जिना तसाच ठेवायची सोय काढली होती.

आणि जीजा घोष यांची बातमी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या या कोलकात्याच्या बाई फेब्रुवारी 2012 मध्ये एका परिषदेसाठी गोव्याला निघाल्या होत्या. विमानात बसल्यावर त्यांना खाली उतरवलं. 2016 साली सर्वोच्च न्यायालयानं विमान कंपनीला त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली. उतरवल्याची बातमी वाचताना मला वैमानिकाचं पटलं होतं. दीडशे माणसांचा जीव त्याच्या हातात, त्यानं धोका का घ्यावा? धोका कसला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

सगळ्यात लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. मी कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातला माणूस. नोकरी लागायच्या आधी, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात मी होतो. एक नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या फेऱ्या चुकवल्या नाहीत. निवृत्तीनंतर माझा आवडता विषय म्हणजे पाट्या. गाडीवर पाटी फक्त कन्नडमध्ये असली, की आमच्या म्हाताऱ्या बायका प्रत्येक गाडीच्या दाराशी जाऊन विचारतात, “बाबा, ही कुठं जाती रं?” लोकसंख्येच्या 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत हव्यात, हे केंद्राचं धोरण मला तोंडपाठ. अर्ज लिहून लिहून माझं अक्षर सुधारलं. ज्याला कळत नाही त्याला कळेल असं सांगा, प्रवाशाचा तो हक्क आहे, हे मी गावभर सांगत फिरलो. फक्त ‘ज्याला कळत नाही’ म्हणजे माझ्यासारखा माणूस, असं माझ्या मनात पक्कं होतं.

माझ्या पुतणीच्या मुलाला स्वमग्नता आहे. दर शनिवारी त्याला ऑक्युपेशनल थेरपीसाठी कोल्हापूरला न्यावं लागतं. निपाणीहून चाळीसेक किलोमीटर. तिचा नवरा शनिवारी कामावर असतो, म्हणून तिनं मला विचारलं, “काका, सोबत याल का?” रिकामा होतो, गेलो. मनात मात्र होतं की पोर लाडावलंय, आईनं डोक्यावर बसवलंय. नऊ वर्षांचं पोर दर वेळी डावीकडच्या तिसऱ्या सीटवरच बसणार, दुसरं कुणी बसलं असेल तर गाडी सोडून पुढच्या गाडीला थांबणार, हे कसलं? वाटेत ते नावं म्हणायचं: कोगनोळी, कागल, गोकुळ शिरगाव, तावडे हॉटेल. क्रम चुकायचा नाही. मला ते पाठांतर वाटायचं. मास्तर असल्यामुळे थोडं कौतुकही.

2025 च्या फेब्रुवारीतला तो शनिवार. आदल्या दिवशी बेळगावकडे भाषेवरून बसच्या वाहकाला मारहाण झाली होती, वातावरण तापलं होतं, आणि आम्ही कोल्हापुरात असतानाच दोन्हीकडच्या गाड्या बंद होऊ लागल्या. परतीच्या गाडीत आम्ही बसलो ती कागलला थांबली. वाहक म्हणाला, “गाडी पुढं जाणार न्हाई. सगळ्यांनी उतरा.” लोक कुरकुरत उतरले. मीही उतरलो. खरं सांगायचं तर अशा बंदचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. अशा दिवसांत मी चौकात उभं राहून “एक गाडी जाऊ देऊ नका” म्हणालो आहे.

पोर उतरेना. कागलनंतर कोगनोळी यायला हवी होती, आणि आलीच नव्हती. आधी ते “कोगनोळी, कोगनोळी” म्हणत राहिलं, मग कान दाबून ओरडायला लागलं, मग खिडकीच्या काचेवर डोकं आपटायला लागलं. दाराशी लोक जमले. कुणी म्हणालं बाहेरचं काय तर झालंय, कुणी म्हणालं मीठमोहऱ्या उतरून टाका. एकजण मोबाईल काढून उभा राहिला. मी परत गाडीत चढलो आणि माझा उजवा हात वर गेला.

तो हात वर गेलेला मला दिसला. दुसऱ्या कुणाचा असावा तसा दिसला. समोर कानावर दाबलेले दोन तळवे होते, तसेच, बोटं पसरलेली, अंगठा कानामागे. कागलच होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी टेप वाजत होता, आज इंजिन घरघरत होतं आणि माणसं बोलत होती.

“काका, तुम्ही जरा गप उभे राहा,” पुतणी म्हणाली. रागानं नाही. तिनं लोकांना दारापासून हटवायला मला पाठवलं. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, “ताई, इंजिन बंद करू का?” तिनं मान हलवली. इंजिन बंद झालं आणि अर्धं ओरडणं तिथंच कमी झालं. त्या ड्रायव्हरनं ऑटिझम हा शब्द ऐकला असेल-नसेल. त्यानं एक प्रश्न विचारला. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तसा एकही विचारला नव्हता.

मग ती सीटजवळ खाली, गाडीच्या फरशीवर बसली. पर्समधून छोटी वही काढली. एका पानावर पाच चौकोन आखले. पहिल्यात एसटी, तिच्यावर फुली. दुसऱ्यात वडापची जीप. तिसऱ्यात चालणारी तीन माणसं, एक लहान. चौथ्यात दुसरी गाडी. पाचव्यात घर, दाराला तोरण. चित्रं अगदी ओबडधोबड. काही बोलली नाही, वही त्याच्या गुडघ्यावर ठेवली आणि पेन शेजारी. किती वेळ गेला? वीस मिनिटं असतील. मला ती फार लांब वाटली. शाळेत मी एका मुलासाठी सलग वीस मिनिटं कधी थांबलो होतो का, हे मी तिथं उभा राहून आठवत होतो. आठवलं नाही.

पोरानं पेन घेतलं, एसटीच्या चौकोनावर बरोबरची खूण केली आणि उठलं.

जीप मिळाली. दुसरी खूण. सीमेवरच्या नाक्याच्या अलीकडे जीपनं सोडलं. पुढे पोलिसांचे अडथळे, लोकांची रीघ, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका. पलीकडची गाडी कुठून सुटणार कुणालाच ठाऊक नव्हतं. मी एका पोलिसाला विचारलं. तो कन्नडमध्ये भरभर काहीतरी सांगून गेला. खात्याच्या परीक्षेपुरतं कन्नड मी शिकलो होतो, पुढे हट्टानं बोललो नाही. ‘बस’ एवढंच कळलं. मी पुन्हा मराठीत विचारलं, आवाज चढवून. त्यानंही आवाज चढवला. माझे कान तापले, घशाशी काहीतरी आलं, आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, ना पुढे ना मागे. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पोर वहीतला तिसरा चौकोन बघत, आईचं बोट धरून माझ्या शेजारून शांत पुढे गेलं.

त्याच्याकडे कागद होता. माझ्याकडे कागद नव्हता.

त्यानंतर मी थोडं वाचलं, थोडं विचारलं. लंडनच्या गॅटविक विमानतळावर 2016 पासून सूर्यफुलांची हिरवी फीत मिळते. ती गळ्यात असली की या प्रवाशाला थोडा वेळ, थोडी शांतता हवी, हे कर्मचाऱ्यांना न बोलता समजतं. बेंगळुरूच्या विमानतळानंही ती स्वीकारली आहे. पुतणीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “काका, विमानतळाचं काय करू? निपाणी स्टँडचं सांगा.” बरोबर आहे. दोन्ही सरकारांना तिकीट समजतं. 2023 साली मार्चपासून महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आणि जूनपासून कर्नाटकात साध्या गाडीत फुकट. चांगलंच आहे, पुतणीचे पैसे वाचतात. पण गाडी आज कागललाच थांबणार, हे पोराला कळेल असं सांगायची सोय कुठल्याच योजनेत नाही.

गेल्या वर्षी मी एक पत्रक केलं. निपाणी ते कोल्हापूर, ओळीनं चित्रं: टोलनाका, पूल, कारखान्यांची धुराडी, स्टँड. खाली मराठी आणि कन्नड. कन्नड मजकूर शेजारच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडून लिहून घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मी अशी मदत मागितली, आणि त्यांनी एका संध्याकाळीत ते करून दिलं. आमच्या म्हाताऱ्या बायकांनाही ते पत्रक आवडलं. त्यांतल्या निम्म्यांना मराठीही वाचता येत नाही, हे मला अर्ज लिहिताना कधी ध्यानात आलं नव्हतं.

कॅलिपरवाल्या मुलीचा पत्ता मला लागला नाही. लग्न होऊन लांब गेली, एवढंच कळलं. त्या मुलाचा लागला. निपाणीतच एका तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. आतली खोली, जाड भिंती, रस्त्याचा आवाज येत नाही. मी जाऊन बसलो. काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो, दारात विसरलो. म्हणालो, 98 सालच्या सहलीत मी तुला मारलं होतं, त्याची माफी मागायला आलोय.

तो माझ्याकडे न बघता वहीच्या कडा जुळवत राहिला. मग म्हणाला, “मारलेलं आठवत नाही, सर. स्पीकर माझ्या डोक्यावर होता, ते आठवतं. सीट बदलून दिली असती तर चाललं असतं.”