अनुमोदकाची सही

सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त उघडा. प्रत्येक ठरावाखाली दोन नावं असतात : सूचक अमुक, अनुमोदक तमुक. पुष्कळदा ती सभा उरकल्यावर, चहा पिता पिता भरलेली असतात. समारंभात तर फलकावर अध्यक्षांचं नाव आधीच झळकत असतं, पाहुणे खुर्चीत स्थिरावलेले असतात, आणि तरीही कुणीतरी उठून ‘मी या सूचनेला अनुमोदन देतो’ असं म्हणतं. पाठिंब्याची अशी हेळसांड होत नाही. तो मिळवावा लागतो आणि काढूनही घेतला जातो. १९९९ साली अण्णाद्रमुकने तो काढला आणि वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. अनुमोदन काढून घेतल्याची बातमी मात्र कुणी वाचलेली नसेल. वास्तविक जबाबदारी त्याचीच जास्त. पाठिंबा पक्षाचा, गटाचा, गर्दीचाही असतो. अनुमोदनाखाली एकाच माणसाचं नाव लागतं आणि ते दप्तरी राहतं.

सभाशास्त्राचे जाणकार इथे हरकत घेतील : अनुमोदन म्हणजे सहमती नव्हेच, विषय सभेपुढे घेण्याजोगा आहे, एवढंच अनुमोदक सांगतो. ठरावापुरती ही हरकत रास्त आहे. उमेदवाराच्या अर्जाचं काय? १९६७च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत १७ उमेदवार होते. अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे, पण दोघेही त्या निवडणुकीतले मतदार, म्हणजे आमदार किंवा खासदार असावे लागत. मोजणी झाली तेव्हा ९ उमेदवारांच्या नावापुढे शून्य होतं. ज्यांनी अर्जावर सह्या केल्या, त्यांचंही मत त्यांच्या पदरात पडलं नाही! पुढे १९७४ साली कायद्याने दहा सूचक, दहा अनुमोदक मागितले. १९९७ पासून ते पन्नास-पन्नास झाले. हौशी उमेदवार त्यामुळे गळाले, हे मान्यच. पण वाढली ती सह्यांची संख्या. एका सहीची किंमत घसरली म्हणून पन्नास मागायच्या, हा उपाय व्यवहारी असेल, सन्मानाचा खचित नाही. मतदान गुप्त आहे आणि ते तसंच असावं; त्यामुळे सही करणाऱ्याला जाब विचारायची सोय तिथे नाही.

सोसायटीत ती आहे. पुढच्या सभेत ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय येईल. न विचारता अनुमोदक म्हणून तुमचं नाव घातलं असेल, तर तेव्हाच उठा आणि दुरुस्ती करायला लावा.