पोथीचीं पानें

गांवच्या आमच्या घरांत माजघरावर जी मोठी तुळई आहे, तिच्याकडे एकदां पाहिल्यावांचून थोरले काका कधीं जेवायला बसत नाहींत. साडेचार मीटर लांबीची ती सागवानी तुळई गेल्या कांहीं वर्षांत मध्यें लवूं लागली. मी पडलों इंजिनीयर. तेव्हां उपाय सुचविण्याचें काम ओघानेंच माझ्याकडे आलें. तिच्याखालीं तेवढीच दुसरी तुळई, १५ सेंटीमीटर रुंद व २० सेंटीमीटर जाड, बसवावी आणि दोन्ही बोल्टांनीं जखडाव्या, असें ठरलें. सुतारानें तसें केलेंही.

संगणकावर तुळई काढणें म्हणजे एक रेघ ओढणें. त्या रेघेला लांबी असते. जाडी आपण अंकांनीं सांगायची. माझ्या दोन तुळया म्हणजे २० सेंटीमीटर अंतरावरच्या दोन समांतर रेघा. प्रत्यक्षांत लांकडाला लांकूड चिकटलेलें असतें, परंतु यंत्राला जें सांगितलें नाहीं तें कळत नाहीं. म्हणून मीं ठिकठिकाणीं दोन्ही रेघांना जोडणारे उभे, ताठ दुवे घातले आणि उत्तर मागितलें. मध्यावरचा बाक अवघा ४ मिलिमीटर! त्याच रात्रीं मीं काकांना फोनवर सांगितलें, "आतां खुशाल माडीवर मंगळागौर होऊं द्या." त्यांच्या नातीची ती पहिलीच मंगळागौर. वीस-पंचवीस बायकांच्या झिम्मा-फुगड्यांचा भार त्या तुळईवर पडणार होता.

दुसऱ्या दिवशीं आई पोथी वाचून उठली आणि सुटीं पानें आवरूं लागली. तो जुडगा तिच्या हातांत वांकला. पानें मध्याशीं जागच्या जागीं राहिलीं; पण दोन्ही टोकांना तीं एकमेकांवरून सरकलीं आणि कडा तिरप्या झाल्या. मी पाहतच राहिलों.

दोन तुळया नुसत्या एकीवर एक ठेवल्या, तर ताठपणा दुप्पट होतो. त्याच एकजीव झाल्या, तर जाडी दुप्पट होते. आणि ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणें वाढत असल्यामुळें तो आठपट होतो. लांकूड तेंच, भारही तोच. पण सुट्या असतांना बाक १६ मिलिमीटर आणि एकजीव असतांना ४. माझ्या ताठ दुव्यांनीं यंत्राला सांगितलें होतें, कीं हीं पानें केसभरही सरकणार नाहींत. सुताराच्या बोल्टांना तें कसें साधावें? भोंक बोल्टाहून किंचित् मोठें असतें, आणि भार आला कीं बोल्टाच्या बाजूचें लांकूडही दबतें. शिवाय मीं बोल्ट सारख्या अंतरावर सुचविले होते. सरकण्याची ओढ तर टोकांशींच अधिक!

ताठ दुव्यांच्या जागीं थोडी सरक देणारे दुवे घालून मीं हिशेब पुन्हां मांडला. बाक ११ मिलिमीटर आला. तुळई कदाचित् मोडली नसती. परंतु ज्या अंकाच्या भरंवशावर मीं शब्द दिला होता, तो अंकच खोटा होता. आमंत्रणें तर गेलीं होतीं. कचेरीला जाण्यापूर्वीं मीं काकांना फोन केला.

"काका, माझी चूक झाली. यंदा झिम्मा खालीं ओटीवर होऊं द्या."

पलीकडे क्षणभर शांतता होती. मग ते म्हणाले, "अरे, तुळई वांकली तर ती दिसते. हिशेब वांकला तर करणाऱ्यानेंच सांगावें लागतें. सांगितलेंस, बरें केलेंस."

दिवाळीनंतर मी स्वतः गेलों. बोल्ट काढून जुनी तुळई जॅकनें हळूहळू उचलून घेतली. कारण ती लवलेली असतांनाच जोडली, तर आधींचा सारा भार तिच्याच अंगावर राहतो. मग टोकांशीं दाट आणि मध्यें विरळ असे नवे बोल्ट बसविले.

पुढच्या श्रावणांत मंगळागौर माडीवरच झाली. मी माजघरांत काकांच्या शेजारीं जेवायला बसलों होतों. वर फुगडी रंगली, तेव्हां आम्हां दोघांचेही डोळे तुळईकडे गेले. फरक एवढाच, कीं काका जेवत होते आणि माझा घांस हातांतच राहिला होता.